व्याह्यांना गाव दाखवताना

सूनबाईचा नववा संपत आलेला,
म्हणून व्याही आले वेंगुर्ल्याहून,
सोबत सुक्या बांगड्यांचा डबा, त्यावर तीन पिशव्या,
तरी बोगीभर वास.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून आठ दिवस.
घरात दोन म्हातारे, बायकांच्या पायात पायात.
"यांना जरा फिरवून आणा," ही म्हणाली,
लेकराबद्दल म्हणतात तसं.

मग मी गाव बाहेर काढलं,
पाहुण्यांसाठी ठेवणीतले कप काढतात तसं.

आधी अंबाझरी. बांधावरून चालवलं,
हात लांब करून पाणी दाखवलं,
जणू माझ्याच सातबाऱ्यावरचं.
ते खाली उतरले, बोट बुडवून जिभेला लावलं.
"गोडा आसा," म्हणाले.
चांगलं की वाईट, ते नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सेमिनरी हिल्स. जानेवारी.
सागाची पानं गळून राह्यली होती,
एकेक पान ताटाएवढं,
आणि पडलं की आवाजही ताटाचाच.
कोराडीच्या वीजघरात बत्तीस वर्षं जिने चढलेला मी,
मला ती टेकडी म्हणजे अंगण.
ते मात्र दर वळणावर गुडघा धरून उभे.
"होडयेक चढण नसता," म्हणाले.
वर पोचल्यावर कपाळाला हात लावून
चारी बाजूंना पाहिलं:
गच्च्या, काळ्या टाक्या, उतरत असलेलं एक विमान.
"कड खय आसा?"
कशाची?
"गावाची."

बाप्पा! हे कधी कोणी विचारलंच नव्हतं मले.
आमचं गाव संपत नाही हो, विरत जाते,
कामठीकडे, हिंगण्याकडे,
एकेक चहाची टपरी मागे टाकत.

झिरो माइलच्या खांबाला त्यांनी एक फेरी मारली.
हसनं हाका मारणारा एक पोट्टा फोटो काढू का म्हणून मागेच लागला.
"हयसून जवळचो दर्यो खयचो?"
मी म्हटलं, सगळेच लांब.
"म्हणजे भांडाण नाय," म्हणाले,
आणि संत्र्याची साल खिशात ठेवली. फेकली नाही.

मग फुटाळा, पहाटे.
संध्याकाळी तिथं खुर्च्या, उकडलेले भुट्टे, मोटारसायकली.
पहाटे फक्त झिंगरू नान्हे,
ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं ओढणारा.
काठाला लागला तसे व्याही सरळ चिखलात गेले.
जाळ्याच्या एका घरात बोटं घातली. तीन.
मग त्याच्यासमोर चार धरली.
झिंगरूनं मान हलवली, "मरळ निसटते ना मंग."
"सुरमय गावता," हे म्हणाले.
एकाचं दुसऱ्याला काही कळत नव्हतं
आणि अर्धा तास कोणी थांबलं नाही.
मी यांच्या चपला धरून उभा,
माझ्याच गावात, माझ्याच तलावावर, पाहुण्यासारखा.

परतताना गप्प. रवीनगरच्या सिग्नलला म्हणाले,
"त्याची गाठ येगळी आसा. उजवीकडसून घेता."

सहावा दिवस. गोरेवाड्याचे मोर मी राखून ठेवले होते,
पण त्यांना कॉलनीच्या बगिच्यातली
बॅडमिंटनची जाळी दिसली,
दोन वर्षांपासून मधोमध फाटलेली,
डोकं जाईल एवढं भोक. पोरं त्यातून शटल टाकून
ओरडतात, आऊट नाही, आऊट नाही.
दोन बाकं, एक मोडका झोपाळा, कोरडं कारंजं:
हे दाखवायचं माझ्या मनातही नव्हतं.

त्यांनी हिच्याकडून नायलॉनचा दोर मागितला.
मांडी घालून बसले गवतात.
पोरं रॅकेट घेऊन भोवती, अजिबात न बोलता,
जसं इंजेक्शन देताना पाहतात.
गाठ उजवीकडून घेतली.
मग सोडली. पुन्हा घेतली.

दुसरं टोक माझ्या हातात होतं.
"ढिला सोडू नको," म्हणाले,
पहिल्यांदाच अरेतुरे.
मी ताणून धरलं.
घरात फोन वाजत होता.